कोरं राहिलेलं पीठ

हे घर शेणव्यात आजही उभं आहे. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं जाऊन बघावं. गावात शिरल्यावर डांबरी रस्ता जिथं संपतो, तिथून डाव्या हाताला चौथं. निळं लोखंडी दार. दाराला कुलूप आहे, पण बाजूच्या खिडकीतून मागची खोली दिसते.

भिंतही दिसते.

जे घडलं ते गेल्या नोव्हेंबरात सुरू झालं. दिवाळी होऊन बारा दिवस झाले होते. गुरुवार होता. आणि ज्या बाईच्या बाबतीत घडलं ती अंगारेधुपारे करणारी नाही. नम्रता शहापूरला एका शाळेत अठरा वर्षं मराठी शिकवते. घरात पुस्तकांची दोन कपाटं आहेत. निबंधात कुणी भूत आणलं की ती समासात लाल शाईनं एकच शब्द लिहिते. 'पुरावा?'

त्या गुरुवारी मधल्या सुट्टीत तिचा फोन वाजला.

"नम्रता मॅडम का? मी मनोज, कसाऱ्यावरून. तुमचं शेणव्याचं घर बघतोय ना आमी, तो."

"हो, बोला."

"अनिलशेठनी व्हिडिओ पाठवला. घर आवडलं. रविवारी आईला नि बायकोला घेऊन येतो. फक्त एक विचारायचं होतं... राग मानू नका."

"विचारा ना."

"घरात कोण आजारी हाय का?"

घर रिकामं आहे, नम्रता म्हणाली. तीन महिने झाले.



"मग व्हिडिओत ती बाई कोण खोकते?"

अनिल नम्रताचा धाकटा भाऊ. घर दोघांच्या नावावर आलं होतं, म्हणून विकायला दोघांच्या सह्या लागणार होत्या. बाकी सगळं अनिल बघत होता. व्हिडिओ त्यानंच आदल्या रविवारी काढला होता, एकट्यानं जाऊन. नम्रताला पाठवला होता, पण तिनं तो उघडलाच नव्हता. आई नसलेलं घर तिला बघायचं नव्हतं.

आता तिनं तो स्टाफरूममध्ये कानाला लावून पाहिला.

अनिलचा आवाज खुशीत होता. "हा हॉल. हे किचन, खिडकीला जाळी हाय. आणि ही मागची खोली. एकदम कोरडी. आईबापाला द्यायला बेस्ट..."

पडद्यावर एक पांढरीशुभ्र भिंत आली. नवे प्लॅस्टिकचे पॅनल लावलेली.

आणि तेव्हाच...

दोन खोकले. पाठोपाठ एक आवाज.

टक्.

नम्रतानं व्हिडिओ चार वेळा पाहिला. चारही वेळा तेच. दोन खोकले, मग टक्.

तिची आई गोजर अशीच खोकायची. डाव्या हातात तांब्याचं कडं होतं, सांधे दुखायचे म्हणून घातलेलं. खोकला आला की ती आधाराला हात मागं टेकायची आणि कडं भिंतीवर वाजायचं. शेवटची दोन वर्षं नम्रतानं फोनवर हाच आवाज ऐकला होता. बोलणं कमी, हा आवाज जास्त.

आई श्रावणात गेली होती.

आता त्या भिंतीचं सांगायला हवं.

पाच वर्षांपूर्वी अनिलनं मागच्या खोलीला लागून संडास-बाथरूम बांधलं. आईचे गुडघे गेले होते, अंगणात जायला नको म्हणून. हे त्यानं चांगलंच केलं. पण भिंतीत गाडलेला पाइप पहिल्याच वर्षी झिरपायला लागला. आधी पिवळा डाग आला. मग पोपडे सुटले. मग बुरशी. पाइप बदलायचा तर नव्या लाद्या फोडायला लागणार, म्हणून अनिल दर दिवाळीला त्यावर रंगाचा हात मारायचा. दिवाळीला भिंत पांढरी, शिमग्याला पुन्हा काळी. ह्या वर्षी घर विकायचं म्हणून रंगाऐवजी पॅनल ठोकले.

आई त्याच भिंतीला पाठ लावून बसायची आणि त्याच भिंतीशी झोपायची, कारण बाथरूम जवळ.

नम्रता सणावारी यायची, सकाळी येऊन संध्याकाळी जायची. मागच्या खोलीच्या दारातून डोकवायची; ती भिंत दारामागच्या बाजूला, दिसायची नाही. वास यायचा, ओल्या पोत्यासारखा.

"कसला गो वास, आई?"

"कोठीचा हाय. भात ठेवलाय ना बाजूला."

आणि नम्रतानं ते मानलं. दोन कपाटं वाचलेल्या बाईनं एवढंसं उत्तर मान्य केलं, ह्याचा राग तिला पुढं इतरांपेक्षा स्वतःचाच जास्त आला. पण ते नंतर.

आई गेली ती रविवारी पहाटे. अनिल वाशिंदला राहायला गेल्यापासून शनिवारी रात्री मुक्कामाला यायचा. त्याचा फोन आला आणि नम्रता साडेसातला पोचली, तेव्हा आईला हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवलं होतं. "इथंच गेली ताई," अनिल म्हणाला. "बसल्या बसल्या."

आमच्याकडे माणूस जिथं जातं ती जागा सारवतात. तिथं दिवा लावतात. दिव्यापुढं तांदळाचं पीठ पातळ पसरतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून बघायचं, पिठावर काय उमटलंय. कधी पाखराची पावलं असतात, कधी गुरांचे खूर, कधी नुसती एक रेघ. गेलेलं माणूस कुठं गेलं ते त्यावरून सांगतात. आईचा दिवा शेजारच्या धाऊमामांनी ठेवला. नात्यानं ते आईचे चुलतभाऊ, गावातलं हे सगळं तेच करतात. दिवा ठेवला तो अर्थातच हॉलमध्ये.

सकाळी सगळी भावकी वाकून बघत होती.

पीठ कोरं होतं.

"असं होत नाय," धाऊमामा म्हणाले. "काय नाय तर मुंगी तरी चालून जाते."

त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. मग भटजी आले, पुढचं सुरू झालं, आणि ते तिथंच राहिलं.

शुक्रवारी नम्रतानं अर्धी रजा टाकली आणि शेणव्याला गेली.

दुपारचा दीड वाजला होता. लख्ख ऊन. पलीकडच्या खळ्यावर भात झोडत होते, त्याचा धप्प धप्प आवाज घरात येत होता. मागच्या खोलीत नव्या प्लॅस्टिकचा आणि गोंदाचा वास होता. त्याच्या खाली, अगदी तळाशी, तो जुना वास.

तिनं पॅनलवर बोटानं ठोकलं. आवाज पोकळ आला.

खळ्यावरची झोडणी थांबली. माणसं पाणी प्यायला बसली असावीत.

नम्रता उभी राहिली...

टक्.

आतून आला. तिनं जिथं ठोकलं होतं त्याच्या खाली, बसलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीवर.

ती घाबरली, पण पळाली नाही. सगळ्यात आधी तिला राग आला. स्वयंपाकघरात आईचा विळा खुंटीला होता. ह्याच विळ्यानं आईच्या डाव्या करंगळीचं पेर गेलं होतं, कापणीत, नम्रता दहावीत असताना. तो विळा घेऊन तिनं पॅनलच्या फटीत घातला आणि ओढला. पट्टी कडकडत निघाली. मग दुसरी. मग तिसरी.

मागं भिंत नव्हतीच म्हणायची. काळी, ओली, केसाळ बुरशी. जमिनीपासून छातीपर्यंत दाट, वर विरळ होत छताकडे गेलेली. खोबऱ्यावर येते तशी, फक्त हात लावला तर आत बोट जाईल एवढी.

आणि मधोमध...

मधोमध एक जागा कोरी होती.

दोन खांदे. त्यावर मान. उजवीकडे किंचित कललेलं डोकं. कुणीतरी भिंतीला टेकून बसलंय आणि त्याच्याभोवतीनं बुरशी वाढली आहे, तशी. खांद्याच्या डावीकडे आणखी एक लहानसा कोरा ठिपका, कड्याएवढा.

आई टेकायची म्हणून ती जागा घासली गेली असेल, असं नम्रतानं स्वतःला सांगून पाहिलं. पण आईला जाऊन तीन महिने झाले होते. मध्ये अख्खा भादवा गेला होता. बुरशी काही कुणाची जागा राखून ठेवत नाही.

तिनं त्या कोऱ्या जागेवर हात ठेवला.

कोरडी होती.

आणि कोमट.

तिनं हात काढून घेतला. मग तिला फळीवर आईच्या औषधांची पिशवी दिसली. अनिलनं घर रिकामं केलं होतं, पण विळ्यासारखीच हीही राहिली होती. आत कागद होते. कल्याणच्या छातीच्या डॉक्टरांचे.

पहिला कागद अडीच वर्षांपूर्वीचा. पेशंटचं नाव मनस्वी, वय चार. अनिलची मुलगी. खाली डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं: घरात ओल व बुरशी आहे. मुलीला त्या घरात ठेवू नका. जागा बदला.

त्याच महिन्यात अनिल बायको-मुलीला घेऊन वाशिंदच्या फ्लॅटवर गेला होता. 'मनस्वीच्या शाळेसाठी', असं सांगून.

दुसरा कागद दीड वर्षापूर्वीचा. पेशंट गोजर. वय सहासष्ट. जुना खोकला, धाप. सोबत मुलगा. आणि पुढं एक ओळ.

घरात ओल: नाही, असे मुलगा सांगतो.

नम्रतानं ती ओळ अनेकदा वाचली. खळ्यावर पुन्हा झोडणी सुरू झाली होती.

रविवारी सकाळी दहाला मनोज आला. हडकुळा, नीटस माणूस, रेल्वेत गँगमन. बायको रविना सातव्या महिन्यात होती. आई बाईजा काठी टेकत, पण जिभेनं तरुण. डोंगरातलं घर सोडून, नातू यायच्या आधी गावात राहायला यायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

नम्रता आधीच येऊन बसली होती. त्याआधी, शनिवारी, अनिल येऊन पॅनल परत ठोकून गेला होता. पट्ट्या का निघाल्या ते त्यानं तिला विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. त्याला एक संधी द्यायची असं तिनं ठरवलं होतं.

"किचनला खिडकी बरी हाय," बाईजा म्हणाली. "भांडण बाहेर जाल."

"तुमचंच जाल," रविना म्हणाली. "मी हळू बोलते."

"बघा. पोट पुढं आलं तशी जीभ पण आली."

सगळे हसले. अनिल सगळ्यात मोठ्यानं. "चला, आजींची खोली दाखवतो," म्हणत तो मागं गेला. "बाथरूम लागूनच हाय. भिंत बघा, पुसून घेतली की झालं. एकदम ड्राय."

नम्रता दारात उभी होती. तिनं भावाच्या पाठीकडे पाहिलं. संधी संपली होती.

बाईजा चालून दमली होती. ती खोलीच्या मधोमध फरशीवर बसली, पाय पसरून, हात मागं टेकून.

"आई, भिंतीला टेक ना," मनोज म्हणाला. "कंबर दुखल."

बाईजानं भिंतीकडे पाहिलं. मग मुलाकडे.

"तिथं जागा कुठं हाय?"

भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रिकामी होती.

अनिल हसला, पण ह्या वेळी एकटाच.

"अनिल," नम्रता म्हणाली. "पॅनल तू काढतोस का मी काढू?"

"ताई, आता नको."

"मनोजभाऊ, ह्याच्यामागं बुरशी आहे. पाच वर्षांची. पाइप फुटलेला आहे, तो कधी बदललाच नाही. माझी आई इथं झोपायची." तिनं पर्समधून दोन्ही कागद काढले आणि वर्गात वाचते तसे वाचून दाखवले. आवाज चढवला नाही. आधी मनस्वीचा, मग आईचा. शेवटची ओळ वाचून कागदांची घडी घातली.

पोटावर हात ठेवून रविना सरळ बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली.

मनोज अनिलकडे बघत राहिला. "ही खोली मी माझ्या आईला देनार होतो, अनिलशेठ," तो म्हणाला. "तुमी मला सांगनार नव्हता."

बाईजा काठीवर जोर देऊन सर्वांत शेवटी उठली. जाताना उंबऱ्यात वळली.

"येते गो बाय."

नम्रता तिच्या मागंच उभी होती. पण बाईजा तिच्याकडे बघत नव्हती.

गाडी गेल्यावर अनिलनं दार लोटलं.

"झालं समाधान? मंगळवारी विसाराचे पैसे घेणार होतो."

"तू डॉक्टरला नाही म्हणालास."

"हो म्हटलं असतं तर तो बोलला असता, जागा बदला. कुठं बदलू? वाशिंदला वन आरके हाय, ताई. चार माणसं कुठं झोपवू?"

"मनस्वीला नेलंस."

"ती पोर हाय."

"आणि आई काय होती?"

अनिलनं मान वर केली आणि जे बोलला ते नम्रताला जन्मभर पुरणार आहे.

"तू तरी कुठं नेलंस तिला? तुझ्याकडे दोन कपाटं ठेवायला जागा हाय. दारातून वास घ्यायचीस आणि जायचीस. उंबरा ओलांडून आत आलीस कधी? मी शनिवार-शनिवार येत होतो. हागणं-मुतणं काढलं. मीच उचलून तिला हॉलमध्ये नेली."

"कधी नेलीस?"

त्याच्या लक्षात आलं, पण तोंडातून गेलं होतं.

"अनिल. कधी?"

"गेली तेव्हा," तो म्हणाला. "पहाटे बघितलं तर भिंतीला टेकून बसलेली. गार झाली होती. लोक येणार होते. त्या भिंतीसमोर कशी ठेवू तिला? काय बोलले असते लोक?"

मागं कुणीतरी खाकरलं. धाऊमामा दारात उभे होते. आवाज ऐकून आले असणार.

"म्हंजे ती हितं गेली," ते म्हणाले. "आनि मी दिवा तिथं लावला."

अनिलनं मोटरसायकलची चावी उचलली.

"तरीच पीठ कोरं ऱ्हायलं. ती उठलीच नाय रे. तिला कुनी उठवलंच नाय." म्हाताऱ्याचा आवाज कापत होता, आणि ते रडणं नव्हतं. "माझ्या हातून खोटा दिवा लावून घेतलास. चालता हो."

अनिलची मोटरसायकल गल्लीतून निघाली तेव्हा ती दोघंही बाहेर आली नाहीत.

त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, धाऊमामांनी पॅनल काढायला लावलं. त्या कोऱ्या जागेकडे त्यांनी एकदाच पाहिलं, पुन्हा पाहिलं नाही. भिंतीपाशी फरशी शेणानं पुसली. पीठ पसरलं. टोपली बाजूला ठेवली.

"दिवा पोटच्या मानसानं लावायचा," ते म्हणाले. "आनि तोंडानं सांगायचं. आई, सुखानं जा, मागं वळू नको. एवढंच. दुसरं काय बोलू नको, पोरी. दिव्याला सांगितलेलं लागतं."

ते ओट्यावर जाऊन बसले.

नम्रता एकटी राहिली. तिनं वात पेटवली. ज्योत सरळ उभी राहिली. भिंतीवरची बुरशी उजेडात मखमलीसारखी चमकली आणि मधली जागा आणखी पांढरी दिसायला लागली.

तिनं हात जोडले. आई, सुखानं...

दोन खोकले.

टक्.

समोरून. हातभरावरून.

आणि नम्रताला त्या क्षणी जे वाटलं ते प्रेम नव्हतं, भीतीही नव्हती. तिला ती ओळ दिसली. घरात ओल: नाही. तिला टीव्हीखाली आणून ठेवलेली आई दिसली, पदर नीट केलेली, लोकांना दाखवायला. दोन वर्षांहून जास्त ह्या भिंतीतून जे आईच्या छातीत गेलं, ते एकाला ठाऊक होतं आणि तो खुशाल रंगाचे हात मारत होता.

ती बोलली. अगदी शांतपणे. वर्गात बोलते तसं.

"इथं नको बसूस. ज्यानं तुला इथं ठेवलं, त्याच्याकडे जा."

ज्योत हलली नाही.

मग कडं वाजलं. पण ह्या वेळी भिंतीवर नाही...

फरशीवर.

आई उठायची तेव्हा डावा तळवा जमिनीला टेकून उठायची.

नम्रतानं पिठावर टोपली पालथी घातली आणि मागं न बघता बाहेर आली. "बोललीस का?" धाऊमामांनी विचारलं. "बोलले," ती म्हणाली. दोघं धाऊमामांच्या घरी झोपायला गेली.

सकाळी टोपली त्यांनीच उचलली.

पिठावर हाताचा पंजा होता. डावा. चार बोटं पूर्ण. करंगळी अर्धी. बोटांची टोकं दाराकडे.

"सुटली," धाऊमामा म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. "बग, सुटली तुजी आई."

नम्रता भिंतीकडे बघत होती. मधली कोरी जागा नव्हती. खांदे, मान, कललेलं डोकं, काहीच नाही. सगळी भिंत एकसारखी काळी झाली होती. एका रात्रीत.

आता ती कुणाचीच जागा राखत नव्हती.

पुढचे आठ दिवस शांत गेले. नम्रता शाळेत गेली, वह्या तपासल्या. राग थोडा उतरला. तिला वाटलं, आपण नीट केलं.

नवव्या दिवशी दुपारी अनिलचा फोन आला. भांडणानंतर पहिलाच.

"ताई," तो म्हणाला. "मनस्वी खोकते गो. आठवडा झाला. रात्रभर."

नम्रताच्या हातातलं लाल पेन खाली पडलं.

"डॉक्टरकडे नेलंस?"

"नेलं. कल्याणला."

"त्यानं काय विचारलं?"

"तुला माहितीय काय विचारतो तो."

"तू काय सांगितलंस?"

"नाय म्हटलं. पण ताई, ह्या वेळी खरंच नव्हती. आईशप्पथ. नवी बिल्डिंग, तिसरा मजला. बाथरूम दुसऱ्या बाजूला हाय. ओल येणार कुठून?" त्याचा श्वास फोनवर ऐकू येत होता. "आज सकाळी तिचा पलंग सरकवला. मागची भिंत काळी झालीय. सगळी. फक्त उशाशी एवढी जागा..."

"कोरी आहे."

"तुला कसं माहीत?"

नम्रता उत्तर देणार होती. काय देणार होती ते तिलाही ठाऊक नाही. पण तेवढ्यात फोनच्या मागं, खोलीत कुठंतरी, मनस्वी खोकली. लहान, कोरडे, दोन खोकले.

आणि मग...

टक्.

"अनिल, मनस्वीच्या हातात काय आहे?"

"काय नाय. झोपलीय ती. का गो?"

ती त्याच संध्याकाळी धाऊमामांकडे गेली. दिलेला दिवा परत घेता येतो का, सांगितलेलं मागं फिरवता येतं का, असं तिनं आडून विचारलं.

धाऊमामांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तू दिव्याला काय बोललीस, पोरी?"

तिनं खरं सांगायला तोंड उघडलं होतं.

"तुम्ही सांगितलंत तेच," ती म्हणाली.

"मग काय नाय," म्हातारा निर्धास्त झाला. "मग ती गेली. पोराटोरांना खोकला होतोच."

घरी येताना तिला जाणवलं की अनिलनंही त्या दिवशी डॉक्टरांसमोर असंच तोंड उघडलं असेल. असाच अर्धा क्षण गेला असेल. मग सोपं होतं ते बोलला असेल.

अनिलनं मनस्वीला आता सासुरवाडीला मुरबाडला ठेवलं आहे. खोकला गेलेला नाही. मुरबाडच्या घरातली भिंत अजून तरी बरी आहे, म्हणतात. नम्रता दिवसातून दोन-तीनदा तिथं फोन करून सांगते, उशाशी बघा, पलंग सरकवून बघा. त्यांना ती विचित्र वाटत असेल.

तिच्या पर्समध्ये तेव्हापासून तांदळाच्या पिठाची पुडी आहे. वात आहे. काय बोलायचं तेही आता तिला पाठ आहे, एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही.

दिवा कुठं लावायचा, तेवढं मात्र तिला सुचत नाही. शेणव्याच्या भिंतीत आई आता नाही. आणि माणूस जिथं गेलं, दिवा तिथंच लावायचा असतो.

वाशिंदला किंवा मुरबाडला अजून कुणी गेलेलं नाही.